झाड कुणाचे, प्रश्न कुणाचा?

आफ्रिकेच्या दारिद्र्याविषयी एक सिद्धान्त गेली कित्येक दशके जगभर प्रचारात आहे. लोकसंख्या वाढली, गुरे-शेळ्या वाढल्या, अडाणी शेतकऱ्याने सरपणासाठी रान तोडले. रान गेल्याने जमीन उजाड झाली, जमीन उजाड झाल्याने दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यापोटी उरलेले रानही तुटले, असे ते दुष्टचक्र. ते भेदायचे तर बाहेरून तज्ज्ञ, पैसा आणि शिस्त आली पाहिजे, हा त्यावरचा उपाय. जागतिक बँकेच्या अहवालांपासून शाळेतील भूगोलापर्यंत हे सूत्र इतके मुरले आहे की पुरोगामी मंडळीही ते विचार न करता उच्चारतात.

कोणत्याही सिद्धान्तापुढे समाजवाद्याने तीन प्रश्न ठेवले पाहिजेत. तो कुणी मांडला, कोणत्या पुराव्यावर मांडला आणि त्यामुळे कुणाचे हात बळकट झाले? आफ्रिकेतील पर्यावरणावर गेल्या नव्वद वर्षांत झालेल्या संशोधनाला हे प्रश्न विचारले की जे उत्तर मिळते ते केवळ अभ्यासकांच्या वर्तुळात ठेवून भागणारे नाही. कारण या संशोधनावर धोरणे उभी राहिली आणि त्या धोरणांनी कुणाची गुरे जप्त करायची, कुणाला रानातून हुसकायचे आणि कुणाला कर्ज द्यायचे हे ठरवले.

सरकणाऱ्या वाळवंटाची कथा

भारताच्या वनखात्यात नोकरी करून पुढे एडिंबरो येथे वनशास्त्राचे प्राध्यापक झालेले ई. पी. स्टेबिंग हे १९३४ साली पश्चिम आफ्रिकेत फिरून आले. १९३५ मध्ये त्यांनी निबंध वाचला की सहारा दक्षिणेकडे सरकत असून वसाहतींना धोका आहे, आणि याला जबाबदार आहे तो स्थानिक माणसाचा फिरता शेतीप्रकार व त्याची गुरे. हिंदुस्थानात वनवासींना रानाचे शत्रू ठरवून साम्राज्याने जंगले ताब्यात घेतली होती. तीच दृष्टी समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिकेत पोचली.

चाळीस वर्षांनी, १९७५ मध्ये, ह्यू लॅम्प्री यांनी सुदानवरून विमानाने पाहणी केली आणि वाळवंट सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाच किलोमीटर सरकल्याचे सांगितले. साहेल पट्ट्यातील भीषण अवर्षण तेव्हा नुकतेच संपत होते. १९७७ साली नैरोबीला संयुक्त राष्ट्रांची वाळवंटीकरणावर परिषद भरली आणि साडेपाच किलोमीटरचा तो आकडा पुढे वर्षानुवर्षे पत्रकांतून व भाषणांतून फिरत राहिला. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात उपग्रहचित्रे व प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे तोच प्रदेश तपासला, तेव्हा वाळवंटाची सलग आगेकूच त्यांना आढळली नाही. पाऊस कमी झाला की हिरवळीची सीमा दक्षिणेला हटते, पाऊस सुधारला की ती परत उत्तरेला जाते, एवढेच दिसले. लॅम्प्री यांनी बऱ्या पावसाच्या काळातील नकाशा आणि अवर्षणानंतरची पाहणी यांची तुलना केली होती. दोन बिंदूंमधून रेघ ओढून तिला इतिहासाची दिशा म्हणण्याचा हा प्रकार होता.

मग पाऊस का हटला? १९७५ मध्ये अशीही उपपत्ती मांडली गेली की अतिचराईमुळे जमीन उघडी पडते, ती सूर्यकिरण अधिक परावर्तित करते आणि त्यामुळे पाऊस घटतो. म्हणजे आभाळ रुसले तेही धनगराच्या शेळ्यांमुळेच! पुढे, विशेषतः २००३ नंतर, हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की साहेलच्या पावसातील चढउतार प्रामुख्याने महासागरांच्या पृष्ठतापमानाशी निगडित आहेत. उत्तर गोलार्धातील कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराचाही त्यात वाटा असावा, असे अनेक अभ्यास सुचवतात. ज्याला आरोपी म्हणून उभे केले होते तो फुलानी वा तुआरेग पशुपालक हा बळी ठरण्याचा संभव आहे, आणि खऱ्या आरोपीची चिमणी युरोप-अमेरिकेत धुमसत होती.

याच अवर्षणाच्या काळात साहेलमधील देशांतून भुईमूग आणि कापूस यांची निर्यात चालूच होती, हेही विसरता येत नाही. फ्रेंच तेलगिरण्यांसाठी भुईमुगाचा पेरा उत्तरेला वाढवत नेल्याने पडीत ठेवायच्या जमिनी आणि चराऊ कुरणे नांगराखाली गेली होती. भूक वाळवंटातून आली असे म्हणणाऱ्यांनी बाजाराचा हा रस्ता तपासला नाही.

गुरे आणि मांसाचा कारखाना

केनियातील माचाकोस जिल्ह्याची कहाणी याहून बोलकी आहे. तेथील आकांबा लोकांच्या जमिनी धुपून जात आहेत, माणसे आणि गुरे वाजवीपेक्षा जास्त आहेत, असा निर्वाळा १९३० च्या दशकात वसाहतीच्या मृद्संधारण अधिकाऱ्यांनी दिला. धूप होती, यात शंका नाही. पण गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी उत्तम जमिनी राखून ठेवल्याने आकांबा लोक आखडलेल्या राखीव पट्ट्यात कोंडले गेले होते, हे त्या निदानातून सोयीस्करपणे निसटले. उपाय म्हणून सरकारने गुरे सक्तीने विकायला लावली. ती गुरे अथी नदीकाठी नव्याने उभ्या राहिलेल्या लीबिग कंपनीच्या मांसाच्या कारखान्याला हवीच होती. निसर्गरक्षण आणि कारखान्याचा कच्चा माल यांची अशी गाठ पडली.

१९३८ मध्ये मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली हजारो आकांबा स्त्रीपुरुष पायी नैरोबीला गेले आणि गव्हर्नरने भेट द्यावी म्हणून आठवडेच्या आठवडे तळ ठोकून बसले. म्बिंगू यांना अटक करून लामू बेटावर हद्दपार करण्यात आले, पण सक्तीची गुरेविक्री सरकारला मागे घ्यावी लागली. सत्याग्रहाच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्याला या लढ्याची ओळख करून द्यायला नको.

पुढे काय घडले? १९३० ते १९९० या काळात माचाकोसची लोकसंख्या पाचपटीहून अधिक वाढली. सिद्धान्ताप्रमाणे तेथे आता खडकच उरायला हवे होते. मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि केनियाचे फ्रान्सिस गिचुकी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमके उलटे दाखवले. उतारावर बांध आणि मजगी घातलेल्या, शेतात झाडे वाढली, धूप कमी झाली आणि दर हेक्टरी उत्पन्न पूर्वीच्या कितीतरी पट झाले. ही कामे बव्हंशी शेतकऱ्यांनी आपल्या मेहनतीने केली आणि त्यांत स्त्रियांच्या श्रमगटांचा मोठा वाटा होता.

मात्र या यशाचे पोवाडे गाताना थोडे थांबले पाहिजे. माचाकोसला नैरोबीची बाजारपेठ जवळ होती, कॉफीचे पीक मिळाले होते आणि शहरात मिळालेली मजुरी गावच्या बांधांवर खर्च होत होती. ज्यांच्या घरी असा पगार आला नाही त्यांच्या जमिनी हळूहळू इतरांकडे गेल्या, असे पुढील अभ्यासांनी दाखवले. जमीन सुधारली पण विषमताही वाढली. बाजाराच्या भक्तांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. समाजवाद्यांना दोन्ही वाचले पाहिजेत.

गिनीतील किसिदुगू भागातही हाच अनुभव आला. गवताळ माळावर गावागावाभोवती दाट झाडीची बेटे आहेत. पूर्वीच्या महावनाचे ते उरलेसुरले तुकडे आहेत आणि बाकीचे रान गावकऱ्यांनी फस्त केले, असे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरवले आणि शंभर वर्षे प्रशासनाने त्याप्रमाणे दंड केले. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांनी १९५२ ची विमानछायाचित्रे ताज्या चित्रांशी ताडून पाहिली, म्हाताऱ्या माणसांना विचारले आणि १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की ती बेटे गावकऱ्यांनीच माळावर वाढवलेली आहेत. रान लावणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या रान तोडणारे म्हणून शिक्षा झाली.

नायजरची झाडे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत १९३५ च्या वनविषयक हुकुमाने मौल्यवान जातींची झाडे, ती शेतकऱ्याच्या शेतात असली तरी, राज्यसत्तेच्या अखत्यारीत आणली. १९६० साली नायजर स्वतंत्र झाला, ध्वज बदलला, पण वनरक्षकाची दंडाची पावती तीच राहिली. आपल्या शेतातील फांदी तोडली म्हणून शेतकऱ्याला दंड होत असे. साहजिकच रोप उगवताच ते उपटून टाकणे हेच शेतकऱ्याच्या हिताचे ठरले. सरकारचे झाड आपल्या शेतात कोण वाढवील? अवर्षणानंतर मदतसंस्थांनी लाखो रोपे आणून लावली, त्यांतली बहुतेक मेली.

१९८३ च्या सुमारास मरादी भागात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याच्या ध्यानात आले की शेतात झुडपे म्हणून दरवर्षी छाटली जाणारी धुमारे ही जुन्या झाडांच्या जिवंत मुळांतून फुटलेली आहेत. ती सगळी न तोडता दोन-तीन राखली, बाकी छाटली, तर काही वर्षांत झाड उभे राहते. ना रोपवाटिका, ना टँकर, ना कुंपण. ही जाण शेतकऱ्यांना मुळीच नव्हती असे नव्हे. झिंदर भागात शेतकऱ्यांनी कोणत्याही प्रकल्पावाचून हेच केले. तेथील गाओ हे बाभळीच्या कुळातले झाड विलक्षण आहे. ते ऐन पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे खालच्या बाजरीला सावली मारत नाही, जमिनीला नत्र देते आणि सुक्या दिवसांत गुरांना शेंगा पुरवते.

पण तंत्र पसरले ते केवळ सोपे होते म्हणून नव्हे. १९८७ मध्ये लष्करशहा सेनी कुंचे यांचा मृत्यू झाल्यावर शासनाची पकड सैल झाली, वनरक्षकाचा जाच कमी झाला आणि शेतातील झाड आपले आहे असे शेतकरी मानू लागले. कायद्यातील बदल पुढे १९९३ ची ग्रामीण संहिता आणि २००४ चा वनकायदा यांतून सावकाश आले. जगाच्या नजरेस ही हिरवाई पडली ती २००० नंतर, उपग्रहचित्रे तपासली तेव्हा. क्रिस राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार सुमारे ५० लाख हेक्टरांवर सुमारे २० कोटी झाडे शेतकऱ्यांनी वाढवली होती. आफ्रिकेतील अतिशय दरिद्री देशात, जवळपास कोणत्याही सरकारी आराखड्यावाचून, हे घडले.

शेजारच्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने उन्हाळ्यात खड्डे खणून त्यांत खत भरण्याची जुनी ‘झाई’ पद्धत सुधारली आणि कडक झालेल्या माळावर धान्य आणि रान दोन्ही उभे केले. २०१८ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला, २०२३ च्या डिसेंबरात ते वारले. जगाने गौरवलेल्या या माणसाच्या रानाचा काही भाग मात्र त्याच्या हयातीतच शहराच्या विस्तारात गेला, कारण कागदावर ती जमीन त्याची नव्हती. मालकीचा प्रश्न असा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

संशोधनाचा खर्च कोण करतो?

इतक्या चुका इतकी वर्षे का टिकल्या? संशोधक मूर्ख होते म्हणून निश्चितच नव्हे. प्रश्न ठरवणारे, पैसा देणारे आणि निष्कर्ष वापरणारे हे तिन्ही त्या देशांच्या बाहेर होते म्हणून. स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेने हे ओळखले होते. १९७३ मध्ये डाकार येथे समाजशास्त्रीय संशोधनासाठी ‘कोडेस्रिया’ ही परिषद स्थापन झाली. समीर अमीन हे तिचे पहिले कार्यवाह. १९८० च्या लागोस कृती आराखड्यात आफ्रिकी राष्ट्रांनी स्वावलंबनाची दिशा आखली आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का विज्ञान व संशोधन यांवर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण १९८१ साली जागतिक बँकेचा बर्ग अहवाल आला, पाठोपाठ कर्जाच्या अटी आणि संरचनात्मक समायोजन आले. उच्च शिक्षणापेक्षा प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा परतावा अधिक आहे, या गणिताच्या आधारे विद्यापीठांचा निधी आटवण्यात आला. प्राध्यापक परदेशी गेले किंवा मदतसंस्थांचे सल्लागार झाले. कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठात असताना महमूद ममदानी यांनी या सल्लागारी संस्कृतीवर कठोर टीका केली. सल्लागार दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो, संशोधक प्रश्नच तपासतो. १९८८ पासून नैरोबी येथून चालणाऱ्या आफ्रिकी अर्थशास्त्रीय संशोधन संघटनेने शेकडो अर्थशास्त्रज्ञ घडवले, हे मोलाचे काम आहे. पण तिचाही आधार मुख्यतः देणगीदारांच्या पैशाचा राहिला. लागोसच्या त्या एका टक्क्यापर्यंत बहुतेक आफ्रिकी देश अजून पोचलेले नाहीत.

देणगीदार स्वतःच आरोपी असला तर काय होते, हे नायजेरियात दिसले. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९५६ साली तेल सापडले. शेल कंपनीच्या पैशाने १९९५ मध्ये तेथे पर्यावरण-पाहणी सुरू झाली. अर्थराजकारणाचे थोर अभ्यासक क्लॉड आके हे तिच्या समितीवर होते. त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला लष्करी राजवटीने लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिले, तेव्हा आके यांनी समितीचा राजीनामा दिला. सोळा वर्षांनी, २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी प्रदेशाचा अहवाल प्रसिद्ध केला. एका वस्तीतील पिण्याच्या पाण्यात बेंझीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होते, आणि सफाईला पंचवीस ते तीस वर्षे लागतील असे त्यात म्हटले होते. ओगोनी जनतेने जे १९९० पासून ओरडून सांगितले त्याला शास्त्राची मोहर उमटायला दोन दशके आणि नऊ फाशा लागल्या.

अर्थशास्त्रही निष्पाप नाही. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे, १९९१ च्या डिसेंबरातले एक अंतर्गत टिपण पुढे बाहेर आले. आफ्रिकेतील विरळ वस्तीच्या देशांत प्रदूषण फारच कमी आहे, तेव्हा घाण उद्योग तिकडे नेणे किफायतशीर, असा त्यातील तर्क होता. ते उपरोधाने लिहिले होते असा खुलासा नंतर झाला. पण नायजेरियातील कोको बंदरावर १९८८ मध्ये इटलीहून आलेले विषारी पिंप उपरोधाचे नव्हते. त्याच अनुभवातून आफ्रिकी राष्ट्रांनी जानेवारी १९९१ मध्ये बामाकोचा करार करून घातक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली होती.

आजचे नवे कुंपण

आफ्रिकेत जगाची जवळजवळ पाचवा हिस्सा लोकसंख्या राहते आणि तिचा कार्बन उत्सर्जनातील वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही हवामानबदलाच्या उपायांसाठी जमीन शोधली जाते ती तिथेच. २००७ साली आफ्रिकी संघाने सहाराच्या काठाने ८,००० किलोमीटरची ‘महान हरित भिंत’ उभारण्याचा संकल्प सोडला. २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट आहे, पण २०२० च्या आढाव्यात नेमून दिलेल्या पट्ट्यात जेमतेम ४० लाख हेक्टरांचे काम भरले. भिंत ही कल्पनाच स्टेबिंगच्या सरकत्या वाळवंटाची आहे. आता ती बदलून गावागावांतील कामाकडे वळत आहे, ही समाधानाची गोष्ट.

दुसरीकडे २०२३ मध्ये लायबेरियाच्या सुमारे दहा टक्के भूमीवरील कार्बनचे हक्क दुबईतील एका कंपनीकडे तीस वर्षांसाठी सोपवण्याचा मसुदा उघडकीस आला. झाडे जगवणारी गावे एकीकडे, झाडांचे श्रेय विकणारे दुसरीकडे. झांबियाने २०२० मध्ये आणि घानाने २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली. अशा कर्जबाजारी सरकारला रान विकायला लावणे अवघड नसते. १९३५ चा हुकूम झाडाचे लाकूड शेतकऱ्याकडून काढून घेत होता. नवे करार त्याच झाडाचा श्वास काढून घेऊ पाहतात.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

साहेल होरपळत असतानाच, १९७२-७३ मध्ये, महाराष्ट्रातही भीषण दुष्काळ पडला. ज्याँ द्रेझ यांनी या दोहोंची तुलना केली आहे. महाराष्ट्रात दरडोई धान्योत्पादन साहेलमधील देशांहूनही खाली गेले होते, तरी भूकबळींचे तसे थैमान येथे टळले. याचे कारण पावसात नव्हते. गावोगावी दुष्काळी कामे काढावीत म्हणून कष्टकऱ्यांनी मोर्चे काढले, विरोधी पक्षांनी विधिमंडळ आणि रस्ता दोन्ही गाजवले, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख मजूर कामांवर होते, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी पुढे १९७७ मध्ये कायदा झाली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात साहेल आणि इथिओपियाच्या अभ्यासातून जे सांगितले, की भूक ही धान्याच्या अभावापेक्षा हक्काच्या अभावातून येते, त्याचा प्रत्यय या भूमीने आधीच घेतला होता.

म्हणून आफ्रिकेतील हा वाद परका नाही. येथेही आदिवासीला रानाचा शत्रू ठरवणारे अहवाल निघाले आणि २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत तो कलंक पुसायला वाट पाहावी लागली. अजूनही त्या कायद्याखालील दावे कचेऱ्यांत पडून आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. शेतकऱ्याचे ज्ञान मोठे आहे म्हणून राज्यसत्तेने अंग काढून घ्यावे, असा अर्थ काढणारेही पुष्कळ आहेत. नायजर आजही अत्यंत गरीब आहे. आर्लितच्या खाणीतील युरेनियमने दशकानुदशके फ्रान्सचे दिवे लागले आणि नायजरच्या बहुसंख्य घरांत वीज पोचली नाही, ही लूट शेताच्या बांधावरील झाडांनी भरून निघणारी नाही. रस्ते, शाळा, दवाखाने, सिंचन आणि खनिजांवरील सार्वभौम हक्क यांसाठी राज्यसत्ता लागतेच. ती लोकांच्या हाती असली पाहिजे, वनरक्षकाच्या पावतीपुस्तकात नव्हे.

विकासाचा कोणताही आराखडा, मग तो नियामीत आखलेला असो वा मुंबईत, कार्यकर्त्यांनी दोन कसोट्यांवर घासून पाहावा. ज्या झाडाची, पाण्याची, मातीची गोष्ट त्यात आहे त्यावर कसणाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे काय? आणि ज्या संशोधनाचा हवाला दिला आहे त्यातील प्रश्न ठरवताना त्या कसणाऱ्याला कुणी विचारले होते काय? या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो आराखडा कितीही हिरवा दिसला तरी त्याला विरोध करणे हे कर्तव्य ठरते. आकांबा शेतकऱ्यांनी १९३८ मध्ये नैरोबीच्या रस्त्यावर बसून तेच केले होते.